हेपॅरिनचा थर दिलेल्या नळ्या वापरूनही रुग्णाला वेगळे हेपॅरिन का द्यावे लागते?

शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांना आतून हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, थर दिलेला असेल, तर रुग्णाला पुन्हा हेपॅरिन कशाला, असे आपण विचारले आहे. पॉलिमरच्या पृष्ठभागांवर काम करत असल्यामुळे हा प्रश्न माझ्या परिचयाचा आहे.

खरे तर रक्तपेशींची कोऱ्या प्लॅस्टिकशी गाठ पडतच नाही. रक्त नळीत शिरताच काही सेकंदांत रक्तातील प्रथिने तिच्या भिंतीवर बसतात. त्यांपैकी फायब्रिनोजेन तेथे चिकटताना आपला आकार बदलते आणि एरवी झाकलेले त्याचे भाग उघडे पडल्यामुळे गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट्स त्याला येऊन धरतात. कोणती प्रथिने कोणत्या अवस्थेत बसणार, यावर नियंत्रण ठेवणे हेच थराचे मुख्य काम होय.

हेपॅरिन स्वतः गुठळी अडवत नाही. ते रक्तातील अँटिथ्रॉम्बिन या गोठणे रोखणाऱ्या प्रथिनाला कित्येक पटींनी कार्यक्षम करते. त्यासाठी त्याच्या साखळीतील पाच शर्करांचा एक विशिष्ट तुकडा मोकळा राहावा लागतो. १९६० च्या दशकात ग्रॅफाइट आणि बेंझाल्कोनियम या धनभारित रसायनाच्या आधाराने केवळ विद्युतभारावर धरून ठेवलेले हेपॅरिन रक्तप्रवाहात हळूहळू सुटून जाई. पुढे साखळीचे एकच टोक रासायनिक बंधाने पक्के करण्याची पद्धत आली. त्यामुळे उरलेली साखळी, दगडाला एका टोकाने धरलेल्या शेवाळासारखी, रक्तात मोकळी राहते आणि अँटिथ्रॉम्बिन गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडून निघून गेले की पुढच्या खेपेस पुन्हा उपयोगी पडते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत चतुर कल्पना हीच.

मात्र या थराचा प्रभाव भिंतीलगतच राहतो. शस्त्रक्रियेत जखमेतून ओढून घेतलेले रक्त उघड्या ऊतींना आणि हवेला स्पर्शून आलेले असते. त्यात तयार झालेले थ्रॉम्बिन संपूर्ण रक्तात पसरते. शिवाय रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरच्या कोपऱ्यांत आणि नळ्यांच्या जोडांपाशी प्रवाह मंदावतो, तेथेही गुठळीला वाव मिळतो. म्हणून रक्तात हेपॅरिन हवेच. एक्मोमध्ये, म्हणजे हृदय-फुप्फुसांना अनेक दिवस आधार देणाऱ्या अशाच यंत्रणेत, रक्तस्राव फार असल्यास, थर दिलेल्या नळ्यांच्या आधारावर डॉक्टर ते कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. परंतु तेथे प्रवाह मंदावू न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स घटण्याचा विकार ज्या रुग्णाला झाला आहे, त्याच्यासाठी हा थरही टाळावा लागतो. अशा वेळी लाल पेशीच्या बाह्य आवरणाची नक्कल करणारे फॉस्फोरिलकोलीन किंवा असेच औषधविरहित लेप वापरतात आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी बिव्हॅलिरुडिनसारखे दुसरे औषध देतात.