एमएनंतर अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? क्रेडिटचं आधी लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली. पुण्यातून समुपदेशनात एमए, नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सी, एच-४ (जोडीदाराचा) व्हिसा, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की ‘तुझं एमए झालेलंच आहे, वर्षभराचा कोर्स केलास की शाळेत लागशील.’ मला जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. अर्ज, शिफारसपत्रं, टोफेल हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देते.

स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणजे शाळेतला मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला पीएचडी लागत नाही, पण साधं एमएही पुरत नाही. मधे स्पेशालिस्ट पातळी आहे, बहुतेक विद्यापीठांत तिला ईडीएस म्हणतात. नॅस्प या स्कूल सायकॉलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषांनुसार किमान तीन वर्षं पूर्णवेळ, ६० क्रेडिट (म्हणजे अभ्यासक्रमाच्या तासांवरून मोजलेली एककं; त्यातली ५४ इंटर्नशिप सोडून) आणि १,२०० तासांची इंटर्नशिप, तीही निदान ६०० तास शाळेत. तुमच्या एमएमुळे यातलं काही कमी होईलही, पण किती, हे एमएवर कमी आणि विद्यापीठाच्या ऑफिसवर जास्त ठरतं. मी सगळ्यात जास्त भरडले गेले ते इथेच.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. प्रवेशाआधी मी विचारलं होतं की माझे एमएचे विषय धरणार का. ग्रॅज्युएट ऑफिसने फोनवर सांगितलं, आधी प्रवेश घ्या, डिपॉझिट भरा, मग बघू, सहसा होतं. विभागातल्या प्राध्यापकांनी माझा अभ्यासक्रम नीट वाचला आणि संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, मनोविकृती हे विषय झालेले आहेत असं लिहून दिलं. तो फॉर्म ऑफिसात जाऊन पडला. आधी म्हणाले, गुणपत्रिकेवर क्रेडिट नाहीत, नुसते शंभरपैकी गुण आहेत. मग म्हणाले, परदेशी पदवीच्या मूल्यांकनाचा अहवाल पदवीपुरता आहे, विषयवार हवा. तो मागवून दिला, तर पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आणि ट्रान्स्क्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत का, अशी विचारणा. नामविस्तार २०१४ मध्ये झाला हे एका ओळीत कळणारं आहे, पण दर वेळी फोनवर वेगळी व्यक्ती आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. ईमेलला उत्तर नाही.

शेवटी निकाल आला तो असा : विषय माफ, क्रेडिट नाहीत. म्हणजे तो वर्ग पुन्हा करायचा नाही, पण ६० चा आकडा तसाच, त्या जागी तेवढ्याच क्रेडिटचे दुसरे विषय पूर्ण फी भरून घ्यायचे. त्याहून वाईट म्हणजे, संख्याशास्त्र ‘प्रलंबित’ दिसत असल्यामुळे संगणकाने मला चाचण्यांच्या पहिल्या कोर्सला नाव नोंदवू दिलं नाही. तो कोर्स फक्त फॉल म्हणजे शरद सत्रात असतो, पुढचे सगळे कोर्स त्यावर अवलंबून. अख्खं वर्ष मागे पडलं. त्याची जबाबदारी त्या ऑफिसातल्या एकानेही घेतली नाही, याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवत नाही.

तुम्ही असं करा. डिपॉझिट भरायच्या आधी ईमेलने विचारा : माझे विषय ट्रान्स्फर होणार की फक्त माफ होणार, सही कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत? उत्तर लेखी आलं नाही तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. मूल्यांकन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडून विषयवारच करून घ्या. पुण्यात कुणी घरचं असेल तर तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम, प्रत्येक पेपरच्या तासांसकट, कॉलेजच्या शिक्क्यानिशी आत्ताच मागवा, कारण क्रेडिट शेवटी तासांवरूनच काढतात. तीन वर्षांचं बीए चालतं का, हेही आधी विचारा. जुन्या क्रेडिटना बऱ्याच ठिकाणी मुदत असते, तीही बघा.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. क्रेडिट मिळत असले तरी चाचण्यांचे आणि कायद्याचे कोर्स माफ करून घेऊ नका. आपण तिकडे कामत-बिने किंवा मालिनची चाचणी शिकलेलो असतो, बुद्ध्यांक काढून अहवाल लिहितो. इथे विस्क-५ या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचणीचा आकडा ही फक्त सुरुवात असते. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यापासून, ज्याला आता आयडीईए म्हणतात, प्रश्न असा असतो की मूल अपंगत्वाच्या १३ प्रवर्गांपैकी एखाद्यात बसतं का आणि त्यामुळे त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे का. एका चाचणीवर निर्णय घेता येत नाही. वर्गात बसून निरीक्षण, शिक्षकांशी बोलणं, वाचन-गणिताच्या चाचण्या, वागणुकीच्या प्रश्नावल्या हे सगळं जुळवून पालकांना समजेल अशा भाषेत लिहायचं असतं. न्यू जर्सीत पालकांच्या संमतीपासून मूल्यमापन करून मुलाच्या शिक्षणाची योजना लागू करायला ९० दिवस मिळतात, आणि तुम्ही चाइल्ड स्टडी टीममध्ये (हे मूल्यमापन करणारा शाळेचा गट) लर्निंग कन्सल्टंट आणि सोशल वर्करबरोबर काम करता. हे व्हिडिओ बघून येत नाही. पूर्ण ऑनलाइन कोर्सबद्दल म्हणूनच मला शंका आहे, अर्थात चांगलेही असतील. प्रॅक्टिकमला (इंटर्नशिपच्या आधीचा प्रत्यक्ष सराव) सुपरव्हिजन कोण करतं, हे आजी विद्यार्थ्यांना विचारा, त्यावरून कोर्स कळतो.

एक आगाऊ सूचना. चाचण्यांच्या सरावासाठी मुलं लागतात आणि महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी आनंदाने पाठवतात. मग विचारतात, ‘किती आला गं?’ सरावाचे गुण सांगायचे नसतात, संमतीपत्रावर हे आधीच लिहून सही घ्या. आणि ज्या मुलाचं खरं मूल्यमापन लवकरच व्हायची शक्यता आहे, त्याच्यावर सराव अजिबात करू नका. पुढच्या वेळी तीच चाचणी त्याला ओळखीची झालेली असते.

व्हिसाबद्दल : मी वकील नाही. एच-४ वर शिकता येतं, पण पगारी इंटर्नशिपला काम करायची परवानगी लागते. ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि सीपीटीचा (शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) विचार करावा लागेल. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली तर त्या पातळीवरची ओपीटी (शिक्षणाशी संबंधित काम करायची वेगळी, सहसा पदवीनंतर वापरायची परवानगी) जाते. शालेय वर्षाची इंटर्नशिप सहसा त्याच्या आत बसते, तरी तारखा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून तपासून घ्या, आणि स्टेटस बदलायला वेळ लागतो तो धरून चाला.

प्रॅक्सिस या पात्रता परीक्षेची फार धास्ती घेऊ नका. सध्याचा पेपर ५४०३, राष्ट्रीय प्रमाणपत्राला १५५ गुण लागतात. इंटर्नशिपच्या आधी दिलेला बरा.

आणि तुमची मराठी-हिंदी अर्जात ठळक लिहा. मुलाचं मूल्यमापन त्याच्या भाषेत करावं असं कायदाच म्हणतो. घरी मराठी बोलणारं, इंग्रजी नुकतं शिकणारं मूल ‘मागे पडलंय’ म्हणून पाठवलं जातं, तेव्हा ही भाषेची अडचण आहे की शिकण्याची, हे सांगू शकणारी माणसं फार कमी आहेत. असं मूल चुकीच्या प्रवर्गात टाकलेलं मी पाहिलंय. तुमच्यासारख्यांची इथे खरोखर गरज आहे.

तुमच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट आहेत की नुसते गुण, आणि बीए कोणत्या साली झालं, एवढं इथे लिहा. त्यावरून कुठली कागदपत्रं आधी मागवायची ते सांगते.