कणकुंबी ते सौंदत्ती: मॉडेलमध्ये वजा पाऊस का पडतो

तुम्ही बेळगाव जिल्ह्याच्या रोजच्या पावसाचं वेव्हलेट विघटन केलंत (म्हणजे पाऊस मोठ्या-लहान पातळ्यांवरच्या सरासऱ्या आणि फरकांत मोडलात), प्रत्येक पातळीवरच्या फरकांना, म्हणजे गुणांकांना, नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) वितरण लावलंत आणि त्यातून कृत्रिम पाऊस तयार केलात. पूर्वेकडे वजा मिलिमीटर येतात, ते शून्य करून पुढे जाऊ का, असा तुमचा प्रश्न आहे.

जाऊ नका. वजा आकडे शून्य केलेत की कोरड्या भागाची सरासरी फुगते, आणि मूळ चूक तशीच राहते. ती चूक कागदावर चार आकड्यांत दिसते.

समजा एका दिवशी, पश्चिमेच्या घाटातून पूर्वेकडे जाताना, कणकुंबीत १२०, खानापुरात ८०, बैलहोंगलला १० आणि सौंदत्तीला ६ मिमी पाऊस झाला. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण जुलैत जांबोटीहून भिजत निघून बैलहोंगलपर्यंत कोरडा झालेला माणूस त्यांना हरकत घेणार नाही. अल्फ्रेड हारची १९१० सालची सर्वांत साधी वेव्हलेट लावा. जोड्यांच्या सरासऱ्या १०० आणि ८, अर्धे फरक २० आणि २. वरच्या पातळीवर सरासरी ५४, अर्धा फरक ४६.

आता २० आणि २ कडे बघा. दोन्ही एकाच पातळीचे गुणांक, पण एक दुसऱ्याच्या दहापट. तुम्ही दोघांना एकच प्रमाण विचलन, म्हणजे एकच पसारा, दिलंत. मग सौंदत्तीच्या जोडीत कधीतरी २० निघणारच, आणि ८ मधून २० गेले की उणे १२ मिमी. सगळा पाऊस लहरींच्या बेरजेत मांडणाऱ्या फूरिये पद्धतीत हा फरक कुठे आहे हे दिसलंही नसतं. वेव्हलेटने जागा दाखवली होती, तुमच्या वितरणाने ती पुसली.

उपाय असा: प्रत्येक अर्ध्या फरकाला त्याच्याच सरासरीने भागा. २० भागिले १०० म्हणजे ०.२०, २ भागिले ८ म्हणजे ०.२५. दहापटीचा फरक गेला! वर ४६ भागिले ५४ म्हणजे सुमारे ०.८५. हे गुणोत्तर नेहमी उणे १ ते १ मध्येच राहतं, कारण पाऊस वजा नसतो. त्याला पातळीनुसार बीटा वितरण लावा (ते दोन ठरलेल्या टोकांच्या आतलेच आकडे देतं; इथे ते उणे १ ते १ पर्यंत ताणा), आणि एक बाजू पूर्ण कोरडी असण्याची शक्यता म्हणून दोन्ही टोकांना थोडं वजन वेगळं ठेवा. मोठ्या भोवऱ्यातून छोटे भोवरे होताना ऊर्जा अशीच गुणोत्तराने वाटली जाते, हा विचार रशियन गणिती कोल्मोगोरोव्हच्या संक्षुब्ध (भोवऱ्यांनी भरलेल्या) प्रवाहावरच्या १९६२ च्या कामातून पुढे आला. पावसालाही तो चांगला बसतो.

मात्र ते ०.८५ योगायोगावर सोडू नका. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, म्हणून त्याचं चिन्ह पावसाळ्यात बहुतेक दिवस ठरलेलं असतं. आधी महिन्याच्या सरासरी नकाशाने पावसाला भागून घ्या, मग उरलेल्यावर हे सगळं करा.

कडांचंही तपासा. हारपेक्षा लांब वेव्हलेट घेतली असेल किंवा जाळी सरकवत असाल, आणि कडेपलीकडे आवर्ती विस्तार (तेच आकडे पुन्हा पहिल्यापासून) निवडला असेल, तर संगणक सौंदत्तीच्या पुढे थेट कणकुंबी जोडतो आणि कडेला खोटा मोठा गुणांक येतो. सममित विस्तार (कडेला आरसा धरल्यासारखा) घ्या. हारमुळे नकाशात चौकोन दिसतात, त्यासाठी जाळी थोडी थोडी सरकवून निकालांची सरासरी काढा.

हवामान विभागाची अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची जाळी वापरत असाल, तर या रेषेवर जेमतेम चारच चौकटी बसतात, म्हणजे फक्त दोन पातळ्या. त्याखालचं गुणोत्तर जाळीतून कितीही ओढलंत तरी येणार नाही. खानापूर तालुक्यातल्या होबळीवार (होबळी म्हणजे तालुक्याखालचा गावांचा गट) पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळवा आणि ते तिथून बसवा.