वरच्या रानातले कांगारू

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नला नोकरीस आहे. एका सहकाऱ्याविषयी बोलताना त्याचे वरिष्ठ म्हणाले, ‘त्याच्या पिकनिकला दोन-चार सँडविच कमी आहेत.’ सगळे हसले, पण भाच्याला काहीच उमगले नाही. याचा अर्थ काय, आणि असे बोल सगळ्याच इंग्रजीत चालतात का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : त्या गृहस्थाची बुद्धी बेताची आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा बोल ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्येही ऐकू येतो. एखादी पुरी वस्तू घ्यायची आणि तिच्यात थोडे उणे आहे असे सांगायचे, ही इंग्रजीतली जुनी रीत आहे. वस्तू मात्र मुलुखागणिक बदलते. आयर्लंडमध्ये अशा माणसाला ‘पुरा शिलिंग नव्हे’ म्हणतात. बारा पेन्सांचा शिलिंग 1971 मध्ये हिशेबातून गेला, पण बोलण्यात टिकला. आपल्याकडेही 1957 मध्ये दशमान नाणी आली, तरी ‘सोळा आणे खरे’ आपण आजही म्हणतोच.

‘त्याच्या वरच्या रानात कांगारू सुटलंय’ हा बोल मात्र अस्सल ऑस्ट्रेलियन आहे. वरचे रान म्हणजे डोके. शेताला रानच म्हणणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागू नये. उभ्या पिकात जनावर शिरले की काय होते, ते त्याने पाहिलेले असते.

मला सर्वांत रोचक वाटतो तो ‘ड्राँगो’ हा शब्द. ड्राँगो म्हणजे आपला कोतवाल पक्षी. आपल्याकडचा काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल उसाच्या बांधावर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसून किडे टिपतो आणि घरट्याजवळ आलेल्या घारीलाही पिटाळून लावतो, म्हणून आपण त्याला पहारेकऱ्याचे नाव दिले. ऑस्ट्रेलियात मात्र याच कुळातल्या पक्ष्याचे नाव मूर्खाला चिकटले, आणि त्यात पक्ष्याचा काहीच दोष नाही. 1920 च्या दशकात तिथे ड्राँगो नावाचा शर्यतीचा घोडा होता. तो 37 वेळा धावला, काही वेळा दुसराही आला, पण एकही शर्यत जिंकला नाही. पुढे त्याचे नाव आधी अपयशी माणसाला आणि मग मूर्खाला लागले.

उत्तर इंग्लंडमधला ‘गॉर्मलेस’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतल्या ‘अवधान’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ज्याचे कशाकडेच लक्ष नसते, तो गॉर्मलेस. आयर्लंड-स्कॉटलंडमधला ‘ईजिट’ हा ‘इडियट’चाच तिथला उच्चार आहे, पण त्याची धार बोथट झालेली आहे. आपल्याकडे आजी नातवाला जवळ ओढून ‘खुळा हैस काय रं?’ म्हणते, तेव्हा त्यात जेवढा राग असतो, तेवढाच पुष्कळदा ‘ईजिट’मध्ये असतो. परक्याने परक्याला म्हटले, तर मात्र दोन्ही शब्द बोचतात. म्हणून भाच्याने हे सारे समजून घ्यावे, पण कचेरीत स्वतः वापरण्याची घाई करू नये.

‘मोरॉन’ हा शब्द तर त्याने मुळीच उचलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी 1910 मध्ये तो ग्रीक शब्दावरून घडवला, तो शिवी म्हणून नव्हे, तर बौद्धिक वाढ कमी झालेल्या माणसांच्या एका वर्गाचे शास्त्रीय नाव म्हणून. आणि त्या माणसांना समाजापासून वेगळे काढून संस्थांमध्ये ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता.