25 माणसं, चार बर्नर आणि उठायची वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सणाला दुपारी एक वाजता घरी 25 माणसं जेवायला, यादीत नऊ पदार्थ, चार बर्नरची शेगडी, एक फ्रिज, मदतीला दोघं. पहाटे किती वाजता उठावं?

उठायचं नंतर बघू. आधी एक करा. मोठी पातेली, कढई, कुकर आजच माळ्यावरून काढा आणि रिकामीच शेगडीवर मांडून बघा. चार बर्नरवर चार मोठी पातेली बसत नाहीत. कडेला कडा लागते, मागचं पुढच्याला ढकलतं आणि हाताशी राहतात जेमतेम अडीच बर्नर. घरच्या मोठ्या जेवणात हात कमी पडत नाहीत हो, कमी पडतो तो जाळ आणि फ्रिजमधली जागा. मदतीला आणखी चौघं बोलावलीत तरी ती येताना बर्नर घेऊन येणार नाहीत. ओट्यापाशी गर्दी तेवढी वाढेल.

म्हणून यादीतल्या प्रत्येक पदार्थापुढे एवढंच लिहा: शेवटच्या तासात याला जाळ लागणार का? माझ्या पहिल्या मोठ्या जेवणात आठांपैकी सहा पदार्थांना लागत होता. पाहुणे हात धुऊन बसलेले आणि मी गार झालेला रस्सा कुठे ठेवू म्हणून पातेलं हातात धरून उभा. तेव्हापासून माझा नियम: शेवटच्या तासात जाळावर जास्तीत जास्त दोन पदार्थ, आणि त्यात तळण एकच.

तळणाचं गणित करून बघा. माणशी तीन नग धरले तर 75 झाले. कढईत एका वेळी सहा मावले आणि एका घाण्याला चार मिनिटं लागली, तर तेरा घाणे, म्हणजे बावन्न मिनिटं. एक बर्नर आणि एक माणूस तासभर अडकला. घाई करून एकदम बारा नग सोडलेत तर 170-180 अंशांचं तेल झटकन उतरतं आणि नग तेल पितात. तुमच्या यादीत दोन तळणं आहेत. त्यातलं एक आजच खोडा.

प्रमाणाबद्दल: बरेच जण प्रत्येक पदार्थ एरवीच्या जेवणाच्या हिशेबाने करतात आणि मग निम्मं उरतं. पदार्थ नऊ झाले म्हणून भूक नऊपट होत नाही. सोबत पोळी-पुरी असेल तर कोरडा तांदूळ माणशी 60 ग्रॅम पुरतो, म्हणजे दीड किलो. शिजल्यावर वजन साधारण तिप्पट होतं. हा सगळा भात एकाच पातेल्यात लावू नका, तळाचा गिचका होतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन पातेली करा. डाळ कोरडी माणशी 35 ग्रॅम, पाऊण किलोच्या थोडी वर.

रस्सा चौपट करताना पाणी चौपट घालू नका. वाफ जाते ती पातेल्याच्या तोंडातून, आणि तोंड काही चौपट होत नाही, त्यामुळे त्या मानाने पाणी कमी आटतं. मीठ थोडं हातचं राखा, शेवटी चव बघून घाला. वेळेचंही तसंच. एकदा उकळी फुटली की भाजी शिजायला नेहमीएवढाच वेळ लागतो, पण जाळ तेवढाच असल्याने उकळी फुटायलाच फार वेळ जातो. सगळ्यांचं वेळापत्रक कोसळतं ते इथे.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. रस्सा आदल्या दिवशी करून ठेवणार असं तुम्ही म्हणता. जरूर करा, मुरतोही छान. पण मी एका वर्षी रात्री दहा लिटरचं पातेलं उतरवलं, वर घट्ट झाकण ठेवलं आणि ‘निवू दे, सकाळी फ्रिजमध्ये टाकू’ म्हणून झोपलो. सकाळी झाकण काढलं तर बुडबुडे आणि आंबट वास. अख्खं पातेलं ओतावं लागलं. वास आला हे नशीबच म्हणायचं, कारण दरवेळी येतोच असं नाही. वाटीभर रस्सा लवकर निवतो. दहा लिटर रात्रभर कोमट राहतो, आणि 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. ‘पुन्हा खळखळून उकळू’ हा त्यावर उतारा नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही टिकतात, आणि काहींनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. भाताच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. भात त्याच दिवशी लावा.

तेव्हा रस्सा झाला की उथळ भांड्यांत ओता, थर दोन-तीन इंचांहून जाड नको. भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. अर्थात त्यासाठी फ्रिजमध्ये जागा हवी, म्हणून दोन दिवस आधी तो निर्दयपणे रिकामा करा. बाटल्या, सरबतं, फळं बाहेर राहू शकतात. दुसऱ्या दिवशी नुसता गरम करू नका, मधोमध ढवळून सगळीकडून वाफाळेपर्यंत उकळा.

राजमा आहे तुमच्या यादीत. पाच-सहा तास भिजवा, ते पाणी फेका, आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नका. कच्चट राजम्याने भल्याभल्यांची पोटं बिघडतात. कुकरमध्ये लावलात तर निम्म्याहून जास्त भरू नका.

शेंगदाणे, दूध, काजू कुणाला चालत नाहीत का, हे आमंत्रणाच्या फोनवरच विचारून घ्या.

आता वेळ, उलटीकडून. एकला पानं मांडायची. बारा ते एक एका बर्नरवर तळण, दुसऱ्यावर रस्सा. मोठ्या पातेल्याला गरम व्हायला अर्धा-पाऊण तास धराच. अकरा ते बारा भाताची दोन पातेली. उतरवली की झाकून जाड चादरीत गुंडाळा, तासभर कडकडीत राहतात. साडेनऊ ते अकरा सुकी भाजी आणि डाळ. कोशिंबीर चिरून गार ठेवा, मीठ वाढायच्या आधी पाच मिनिटं, नाहीतर पाणी सुटतं. राजमा, रस्सा, गोड, चटण्या आणि सगळी चिराचिरी आदल्या दिवशी. राजमा रश्श्यासारखाच उथळ भांड्यांत निववायचा आणि अकरापासून डाळीच्या रिकाम्या झालेल्या बर्नरवर उकळायला ठेवायचा. दोघा मदतनीसांपैकी एकाला कढईपाशी बसवा, दुसऱ्याला फक्त भांडी घासायला ठेवा. हे दुसरं काम कुणी मागून घेत नाही, पण अकरा वाजता ओटा रिकामा दिसतो तो त्याच्यामुळेच.

नवातलं एक तळण खोडलंत, आणखी एक सुकी भाजी खोडलीत, तर सकाळी आठला उठलात तरी चालेल. नऊच्या नऊ ठेवायचे असतील तर शेजाऱ्यांकडून एक जादा शेगडी मागून आणा.