विग्नोला की विन्योला, माणूस की गाव?

प्रश्न असा आहे : वास्तुकलेवरच्या एका मराठी लेखात 'विग्नोलाने पाच स्तंभशैलींचे नियम घालून दिले' असं वाचलं आणि पुढे 'विग्नोला येथील किल्ला' असंही. मग हे नाव माणसाचं की गावाचं? आणि लिहायचं कसं?

दोघांचंही. पण गाव आधी. इटलीत मोदेनाजवळ, पानारो नदीच्या काठी हे गाव आहे, चेरींसाठी नावाजलेलं. तिथे १५०७ साली जाकोमो बारोत्सी जन्मला. पुढे रोममध्ये वास्तुकार म्हणून त्याने नाव काढलं आणि 'दा विन्योला', म्हणजे विन्योलाचा, म्हणून ओळखला जाऊ लागला. आपला 'कर' तो हाच. मूळचा कुलकर्णी गाव सोडून शहरात आला की तिथे गावावरून नेवासकर व्हावा, तसं. रोममधल्या जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) 'जेझू' या मुख्य चर्चचा आराखडा त्याचा (दर्शनी भाग मात्र जाकोमो देल्ला पोर्ताचा). स्तंभांच्या नियमांचं पुस्तक १५६२चं.

गंमत म्हणजे खुद्द विन्योलात त्याला 'विन्योला' म्हणून भागत नाही, तिथे सगळेच विन्योलाकर! म्हणून गावातल्या चॉकलेटच्या प्रसिद्ध केकचं नाव 'तोर्ता बारोत्सी' आहे.

आता उच्चार. 'विग्नोला' हे रोमन अक्षरं एकेक करून वाचल्याचं फळ. इटालियनमध्ये जी आणि एन शेजारी आले की 'ग' अजिबात ऐकू येत नाही. दोन्ही मिळून आपला ञ होतो, तोही जरा दाबून. बोलोन्या, लझान्या यांतही तेच. आपल्याला हे जड नाही : 'कन्या', 'धान्य' म्हणताना जीभ जवळपास तिथेच टेकते. तेव्हा 'विन्योला' लिहावं. आघात 'न्यो'वर.

राहिला घोटाळा. विभक्ती काही ठिकाणी आपोआप मदत करते : 'विन्योलाने' म्हटलं की माणूस, 'विन्योलात' म्हटलं की गाव. अडतं ते 'विन्योलाचा किल्ला'शी. किल्ला मध्ययुगीन, बारोत्सीच्या जन्माआधीपासून उभा. पण वाचणाऱ्याला वाटणार, यानेच बांधला. तिथे सरळ 'विन्योला गावचा किल्ला' लिहावं, आणि माणसाचं नाव पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण द्यावं.

फ्रेंचांनी तर आणखी पुढची मजल मारली. त्यांच्याकडे 'विन्योल' हे स्तंभशैलींच्या नियमपुस्तकाचंच सामान्यनाम झालं.