आबांच्या मागे उभं असलेलं विमान कोणतं? वाचकांचे प्रश्न

खानदेशातल्या ज्या घरांतून कुणी विमानदलात गेलं असेल, त्यांनी ट्रंकेतले जुने फोटो बाहेर काढावेत आणि मागचं विमान ओळखायचं असेल तर प्रत पाठवावी, असं मी मागच्या अंकात लिहिलं होतं. मी विमानदलात एअरफ्रेम फिटर होतो. विमानाचा सांगाडा, पत्रा, चाकं, पंख हेच माझं काम. आता धुळ्यात देवपुरात राहतो. तुमची पत्रं मी मन लावून वाचली. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण ज्यांच्या प्रश्नातून इतरांनाही आपला फोटो वाचता येईल अशी काही निवडली आहेत.

प्रश्न : माझे आबा १९५४ साली विमानदलात भरती झाले. फोटोत ते ज्या विमानाशेजारी उभे आहेत, त्याला मागे दोन दांडे आणि दोन शेपट्या आहेत. काका म्हणतात हे पॅकेट. भावाने मोबाइलवर शोधून अमेरिकन लाइटनिंग असल्याचं सांगितलं. कोणाचं खरं? (एक वाचक भगिनी, अमळनेर)

उत्तर : ताई, हे व्हँपायर नावाचं जेट विमान आहे. काका आणि भाऊ दोघेही शेपटीवर थांबले. तुम्ही आबांकडे बघा. पंख त्यांच्या छातीशी आलाय. फेअरचाइल्ड पॅकेट हे सामानवाहू विमान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख तेहेतीस मीटरचे. त्याच्या पंखाखाली माणूस उभा राहिला तरी डोक्यावर भरपूर मोकळी जागा उरते. व्हँपायरचे पंख जेमतेम साडेअकरा मीटर. फोटोत माणूस असला की मोजपट्टी आपोआप मिळते, म्हणून आधी माणूस बघायचा, मग विमान.

दुसरी खूण पंख्याची. पॅकेट आणि लाइटनिंग या दोन्हींच्या दांड्यांच्या पुढच्या टोकाला इंजिन आणि पंखा असतो. तुमच्या फोटोत दांडे पंखापासून मागेच जातात, पुढे काहीच नाही. मधल्या धडाच्या दोन्ही बाजूंना, पंख जिथे जुळतो तिथे, हवा आत घेणारी फट दिसते. म्हणजे जेट. शिवाय १९५४ नंतर आपल्या विमानदलात लाइटनिंग नव्हतंच.

दोन दांडे दोन्ही विमानांना असले तरी कारणं वेगळी. सुरुवातीच्या जेट इंजिनांचा जोर कमी होता. गरम झोत लांब नळीतून मागे नेला की त्यातला आणखी वाया जायचा. म्हणून व्हँपायरचं धड आखूड ठेवलं आणि शेपटी दोन दांड्यांवर बाजूने मागे नेली. पॅकेटला दांडे दिले ते सामानाच्या पेटीची मागची दारं मोकळी उघडावीत आणि गाडी थेट आत चढवता यावी म्हणून. पॅकेटवर मी स्वतः काम केलंय. आपल्या पॅकेटांना पुढे पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवलं होतं, उंच डोंगरातल्या धावपट्ट्यांसाठी. १९६२च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांच्याही वर, उतरवलं ते असंच पॅकेट. कुणाच्या फोटोत पॅकेटच्या पाठीवर ते इंजिन दिसलं तर फोटो साठच्या दशकातला किंवा नंतरचा समजा.

आता तुमच्या फोटोतलं सगळ्यात मोलाचं. काचेखाली दोन डोकी शेजारी-शेजारी दिसतात. दिवसा लढणाऱ्या व्हँपायरमध्ये एकच माणूस बसायचा. तुमचं आहे ते बहुधा शिकवणीचं, टी ५५. हैदराबादजवळच्या हकीमपेटला कितीतरी वैमानिक यावर जेट उडवायला शिकले. व्हँपायर १९४८च्या नोव्हेंबरात आलं, आपल्या विमानदलाचं पहिलं जेट. धडाचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा, म्हणून तिथे पत्र्याच्या विमानासारख्या रिव्हेटच्या ओळी दिसत नाहीत. फोटो मोठा करून बघा, आबांच्या हाताखालचा भाग किती गुळगुळीत आहे. १ सप्टेंबर १९६५ला, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, जम्मूतल्या छांबवर गेलेली चार व्हँपायर गमावली आणि त्यानंतर हे विमान आघाडीवरून काढलं. पण आबांसारख्या माणसांनी तोवर ती विमानं वर्षानुवर्षं उडती ठेवली होती. हे घरातल्या मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : माझे चुलत आजोबा १९४७-४८ साली काश्मीरला होते. त्यांनी विमानातून बॉम्ब टाकले असं घरात सांगतात. आजी फोटो दाखवून म्हणायची, "हाई लढाईनं इमान शे" (हे लढाईचं विमान आहे). पण जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ म्हणाले, हे तर डाकोटा, प्रवासी विमान, यातून बॉम्ब कसले टाकणार? तेव्हापासून घरात कुणी ही गोष्ट काढत नाही. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : गोष्ट पुन्हा काढा. विमान डाकोटाच आहे. शेपटीखाली छोटं चाक, त्यामुळे उभं असताना नाक आभाळाकडे. पंख खाली, त्यांची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची कड जवळजवळ सरळ. दोन गोल तोंडाची इंजिनं. आयएल-१४ किंवा अ‍ॅव्ह्रो या नंतरच्या दोन इंजिनांच्या विमानांना नाकाखाली चाक असतं आणि ती जमिनीला समांतर उभी राहतात, त्यामुळे इथे गफलत व्हायला नको. डावीकडे मागे दोन फळ्यांचं रुंद दार उघडं दिसतंय. ते लष्करी डाकोटाचं, सामानासाठी केलेलं. प्रवासी विमानाचं दार एवढं रुंद नसतं.

याच विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ला पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले. पुंछला वेढा पडला तेव्हा तिथे दाणागोटा आणि तोफा नेल्या त्याही डाकोटांनी. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या वाळूत डाकोटा उतरवलं, तेव्हा त्या भागाचा नीट नकाशाही हाताशी नव्हता. आणि हो, बॉम्बही टाकले. विमानाला बॉम्ब अडकवायची सोय नव्हती, म्हणून ते आत ठेवून उघड्या दारातून माणसांनी ढकलले. तुमचे चुलत आजोबा त्या माणसांत होते की नाही हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी त्यांची सेवापुस्तिका हवी, त्याबद्दल शेवटी लिहिलंय. पण "डाकोटातून बॉम्ब कसले" हा आक्षेप साफ चुकीचा आहे. अर्धवट माहितीवर कुणाच्या घरातली आठवण खोडून काढू नये. मला याचा मनापासून राग येतो.

प्रश्न : विमानावरच्या गोल चिन्हावरून फोटोचं साल सांगता येतं का? आमच्या फोटोत बाहेरचं कडं काळंभोर आहे. (एक वाचक, शहादा)

उत्तर : येतं, पण जपून. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोल असायचा आणि घाईत आपलंच विमान पाडलं जाण्याची भीती होती. तेव्हा फक्त गडद आणि फिका निळा. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं. आऱ्या दिसत असतील तर फोटो त्या मोजक्या वर्षांतला. नंतर आजचं चिन्ह आलं : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

तुमच्या काळ्याभोर कड्याचं कारण फिल्ममध्ये असू शकतं. जुन्या काही फिल्मला लाल-केशरी रंग जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा उतरायचा आणि निळा मात्र फिकट. त्यामुळे काळं कडं केशरीसुद्धा असू शकतं. रंगावर भिस्त ठेवू नका, मधोमध काय आहे ते बघा. त्याहून भरवशाचा धडावर मागच्या बाजूला लिहिलेला क्रमांक. बीए म्हणजे हंटर, आयई म्हणजे नॅट, आयएफ कॅनबेरा, आयसी तुफानी, आयए मिस्तेर, आयके पॅकेट, एचई लिबरेटर. तुमच्या प्रतीत आय आणि सी स्पष्ट आहेत, पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्याही आहेत. म्हणजे तुफानी. फ्रेंच विमान, १९५३ साली आलं.

प्रश्न : पणजोबांच्या फोटोमागे "अंबाला १९४४" लिहिलंय. सगळे म्हणतात स्पिटफायर. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : स्पिटफायर हे लढाऊ विमान, तुमचं मात्र हार्वर्ड, शिकवणीचं विमान आहे. बोथट, गोल नाक आणि पुढे-मागे बसणाऱ्या दोघांसाठी लांबलचक काचघर. स्पिटफायरचं नाक निमुळतं, पंख लंबगोल आणि चाकांचे पाय एकमेकांच्या इतके जवळ की ते बाहेरच्या बाजूला दुमडावे लागायचे. हार्वर्डचे पाय दूर-दूर आणि आत दुमडणारे. चाकं बघायची सवय लावा. रंग बदलतात, क्रमांक पुसतात, पाय तेच राहतात. अंबाल्याला तेव्हा वैमानिकांची शाळा होती आणि हार्वर्ड तिथलंच विमान. आपल्याकडे ते सत्तरच्या दशकापर्यंत उडत होतं.

प्रश्न : वडिलांचा हा फोटो गोंदूरच्या धावपट्टीवरचा असं आई सांगते. विमान लढाऊ आहे का? (एक वाचक भगिनी, धुळे)

उत्तर : लढाऊ नाही. धडावर व्हीटी ही अक्षरं आहेत, ती भारतातल्या नागरी विमानांची. पंख छतावर, त्याला खालून तिरका टेकू, आत दोघांची जागा. हे एचएएल या आपल्या सरकारी विमान कारखान्याचं पुष्पक. १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांनी वापरलं. इंजिन फक्त नव्वद अश्वशक्तीचं.

जागा गोंदूरचीच का, हे तुम्हीच तपासू शकता आणि ते मला फार आवडेल. विमानाच्या मागे टेकड्यांची रेघ उमटली आहे. फोटोची प्रत घेऊन आवाराबाहेरच्या रस्त्यावर उभं राहा आणि चारी दिशांना ती रेघ जुळवा. झाडं वाढतात, इमारती येतात, टेकडीचा माथा हलत नाही. जळगावकरांनी कुसुंब्याच्या विमानतळाबद्दल विचारलंय, त्यांनाही हेच सांगणं. मात्र ती धावपट्टी १९७३ची आहे, त्यामुळे त्याआधीचा फोटो तिथला असणार नाही.

प्रश्न : फोटो जपायचे कसे आणि आजोबा कुठे-कुठे होते हे कळेल का? (बऱ्याच वाचकांचा प्रश्न, शिरपूर, पारोळा, नंदुरबार)

उत्तर : ओल्या फडक्याने पुसू नका आणि लॅमिनेशन करू नका. काळ्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. स्कॅन सहाशे डीपीआयवर (स्कॅनरच्या बारकाव्याचं माप), दोन्ही बाजूंचं. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं एखादं गाव असतं, ते विमानाइतकंच मोलाचं. कडा कापू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आजोबा मोठे दिसावेत म्हणून बाजूचं सगळं कापून पाठवलंय, आणि नेमकं चाक किंवा क्रमांकाची अर्धी अक्षरं त्यात गेली आहेत. पूर्ण प्रत पुन्हा पाठवा, मी पुन्हा बघेन. मूळ फोटो टपालाने पाठवू नका.

नोकरीच्या माहितीसाठी आधी घरात सेवापुस्तिका आणि पेन्शनचे कागद शोधा. त्यावर सर्व्हिस नंबर असतो. एअरमनच्या, म्हणजे अधिकारी नसलेल्या विमानदल कर्मचाऱ्यांच्या, नोंदी नवी दिल्लीत सुब्रतो पार्कला विमानदलाच्या रेकॉर्ड ऑफिसात ठेवतात. तो नंबर, पूर्ण नाव, भरतीचं साल आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडून तिथे अर्ज करा. आणि घरात त्या काळातलं कुणी हयात असेल तर फोटो घेऊन आजच त्यांच्याजवळ बसा. विमानाचं नाव मी सांगू शकतो, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला तो दुसरा एअरमन कोण, हे तेच सांगतील.