'तू ढोंगी आहेस' हे पवित्र आत्मा म्हणतो का?

नगरकडच्या एका मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक परिचारिका बाई प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी पुढे न जाता जागेवरच बसून राहत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रात्रपाळीहून आल्यावर त्या सासूबाईंवर ओरडल्या होत्या. देवाकडे अनेकदा क्षमा मागूनही मनात एकच वाक्य घुमायचं: 'तू ढोंगी आहेस.' "हा पवित्र आत्माच असेल, तर त्याचं न ऐकून कसं चालेल?" ही भीती कितीतरी विश्वासणाऱ्यांना असते.

मी त्यांना ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहायला सांगितलं. मग पाहिलं: ते एखाद्या कृतीबद्दल आहे की अख्ख्या माणसाबद्दल? पुढे काय करायचं ते सांगतं का? कबुली दिल्यावर थांबतं का? 'ढोंगी आहेस' हे अख्ख्या माणसाबद्दल होतं, पुढे काय करायचं ते सांगत नव्हतं आणि कबुलीनंतरही थांबत नव्हतं. 'सासूबाईंना दुखावलंस, माफी माग' हेही टोचतं, पण त्यात वाट आहे. बायबलमध्ये २ करिंथ ७:१० इथे प्रेषित पौल दोन दुःखांतला फरक सांगतो, तो हाच: एक पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे.

बाईंची खरी अडचण १ करिंथ ११:२७ ही होती: अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दलचा इशारा. हा भाग १७व्या वचनापासून वाचायला हवा. करिंथात काही जण आपलं जेवण आधीच उरकत, कुणी उपाशी राहत, तर कुणी प्यायलेले असत. गरिबांना लाजवणाऱ्या या वागण्यावर पौल रागावला आहे. आणि लगेच २८व्या वचनात तो सांगतो, स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. परीक्षा करून मागे बसा, असं तो म्हणत नाही. अर्धंच वचन ऐकून हळवी माणसं प्रभूच्या मेजापासून दूर राहतात, याचं फार वाईट वाटतं.

ठरलं ते असं: सासूबाईंची माफी एकदा, कबुलीची प्रार्थना एकदा. वाक्य पुन्हा आलं, तर 'याची कबुली झाली आहे' एवढंच म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. दर वेळी नवी कबुली, पाळकांना पुन्हा फोन. घटकाभर हायसं वाटतं, पण मनाला त्या दिलाशाची सवय लागते आणि शंका आणखी लवकर परतते. म्हणून बाईंच्या संमतीने पाळकांनाही सांगितलं, की तोच दिलासा पुन्हा पुन्हा देऊ नका.

"अगं, मी तर विसरूनही गेले होते," सासूबाई म्हणाल्या. ते वाक्य अजून अधूनमधून येतं. बाई प्रभुभोजनाला मात्र जातात.

अशा शंकांत आणि कबुल्यांत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असू शकतो. त्यावर उपचार आहेत. प्रार्थनेसोबत मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवावं. जगणंच नकोसं वाटत असेल, तर त्याच क्षणी टेली मानसच्या १४४१६ वर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.